आऊसाहेबांचा कारल्याचा घास व पिवळ्या निशाणाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीस नमस्कार, पाट्यावरवंट्यास नमस्कार, आणि जिने चाखावे तिलाच सांगावेही लागते, सबब जिभेस दोन नमस्कार. शके सोळाशे सत्तर, विभवनाम संवत्सरी, थोरल्या पंक्तीतील मंडळींनी सेवकास पुसिले की, "तू मुदपाकखान्यात जन्म घालविलास, तर कारल्याच्या घासावरून दरबारात जे घडले ते सांग. लोक भलतेच काही बोलतात." लोक बोलावयाचेच, जिभेस हाड नाही. मग सेवकाने जे डोळ्यांनी पाहिले आणि जे नाकाने कळले ते लिहिले. राज्याचे नाव लिहू नये अशी आज्ञा, सबब लिहीत नाही. डोंगर, नदी, गड, बाजारपेठ सर्व जेथल्या तेथे आहे, ज्यास ओळखावयाचे तो ओळखील.

त्या राज्यात मुदपाकखाना, म्हणजे महाराजांचे स्वयंपाकघर, मोठे नामांकित. आणि जैसे हिशेबास फडणीस, पत्रास चिटणीस, तैसे चवीस चवनीस, हा हुद्दा त्याच राज्यात होता, दुसरीकडे ऐकिला नाही. त्याचे कारण ऐसे जाहले की, हल्लीच्या महाराजांचे आजे, थोरले कैलासवासी महाराज, एकदा शत्रूच्या मेजवानीस गेले, आणि तेथे खीर वाढिली, ती पहिल्या घासास अमृत, आणि गिळल्यावर घशात जी जळजळ उठली ती थेट अंथरुणावर घेऊन गेली. दैव बलवत्तर म्हणोन वाचले. मग उठून बसले आणि पहिला हुकूम केला की, "गोड लागले म्हणोन निश्चिंत होऊ नये, कडू लागले म्हणोन थुंकू नये. घास पोटी उतरे तोवर, आणि उतरल्यावरही, तपास सोडू नये." हा हुकूम मुदपाकखान्याच्या चौकटीवर कोरिला, तो अद्याप आहे, धुराने काळा जाहला इतकेच.

रीत ऐसी की, महाराजांचे ताट वाढिले की त्यातील एकेक पदार्थ आधी चाखणारांपुढे यावा. चाखणार पाच असामी. त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसावे, आणि शेजाऱ्याचे पाहून आपली चव ठरवू नये म्हणोन मध्ये पडदे सोडावे, आणि मागे महाराज व दरबार यांस त्यांच्या पाठी दिसाव्या आणि निशाणे दिसावी. निशाणे सहा. गोडाचे पिवळे, आंबटाचे हिरवे, खारटाचे पांढरे, तिखटाचे तांबडे, तुरटाचे काताच्या रंगाचे आणि कडूचे काळे. घास तोंडी घातला की ज्या क्षणी जी चव जिभेच्या गादीवर बसेल तिचे निशाण वर करावे, आणि दुसरीने येऊन तिला उठविले की पहिले निशाण खाली आणि दुसरे वर. एका वेळी एकच. आंबटगोड, गोडसर तिखट, ऐसे घोळाचे बोलणे चालत नसे, कारण गादीवर धनी एकच बसतो, बाकीचे सदरेवर उभे.

आम्ही एकदा चिंचगुळाची आमटी चाखताना पाहिली, ती लढाई काय सांगावी! आंबटाने आघाडी धरिली, पाची हिरवी निशाणे एकदम उठली, मग गुळाने मागून येऊन आंबटास हुसकाविले आणि पिवळी फडकली, आणि आता गोडाचाच अंमल बसला ऐसे वाटते आहे तो तिखट जे इतका वेळ दबा धरून बसले होते ते घशाच्या खिंडीतून उठले, आणि तांबडीच तांबडी जाहली. तिमाजी म्हणोन त्या पाचांत एक चाखणार, खादाड गडी, त्याची मान मागून घामाने निथळताना सर्व दरबाराने पाहिली. मग सगळे शांत जाहले, आणि सर्वांनी निशाणे खाली ठेविली, आणि एक निशाण मात्र अजून वर होते. ते चवनिसांचे. बहिरोपंत चवनीस हे पाचांचे मुख्य, उंच, हडकुळे, बोलणे थोडे. त्यांनी घास गिळून पाणी पिऊन बराच वेळ बसावे, आणि मग काताच्या रंगाचे निशाण हळूच उचलावे, म्हणजे चिंचेचा तुरटपणा मागे राहिला होता तो त्यांस सापडला. तिमाजी म्हणे, "आमच्या जिभा घरी गेल्या तरी पंतांची कचेरी चालूच!"

आता यात एक दुःख होते, ते खोटे कशाला बोलावे. पाच जणांनी बारीक चावावे, निशाणे करावी, पंतांनी घशातला शेवटचा पाहुणा निरोप देऊन पाठवावा, तोवर महाराजांचा भात गार. महाराज मोठे समजूतदार, तरुण, परंतु भुकेपुढे समजूत किती टिकणार? एके दिवशी थंडगार वरणात बोट बुडवून बोलिले, "राज्य एवढे मोठे, आणि ऊन भात मात्र आमच्या हुजऱ्याच्या घरी!" हे कारभाऱ्यांनी ऐकिले.

हरबाजीराव कारभारी यांची हुशारी काय वर्णावी. एका बैठकीत सात कामे उरकावी, उभ्याने पत्रे ऐकावी, चालता चालता निवाडे करावे, आणि जेवण तर ऐसे की पान मांडिले कधी आणि उठले कधी हे वाढपिणीस कळू नये. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो प्रकार, परंतु निष्ठावंत आणि हाताचे स्वच्छ, हे आम्ही शपथेवर सांगतो. त्यांनी त्याच दिवशी महाराजांच्या शिक्क्याने हुकूम काढिला की, "येथून पुढे चाखणारांनी घास जिभेस लागताच जे पहिले निशाण तेवढेच करावे, आणि पदार्थ पुढे सोडावा. आणि ज्या पदार्थास पहिले निशाण काळे येईल तो महाराजांच्या ताटात अपशकुन, सबब तो करणाऱ्या आचाऱ्याने आपली पळी ठेवून नदीपार चालते व्हावे."

बहिरोपंत कारभाऱ्यांकडे गेले आणि बोलिले, "राव, पहिली चव ही दारावरचा चोपदार. घरात कोण आहे हे त्यास पुसून कसे कळेल?"

कारभारी कागद वाचीतच बोलिले, "पंत, तुम्ही चव पाहता की मुहूर्त पाहता? महाराज ऊन भात जेवतील, राज्य चालेल. तुमचे तुरट तुम्ही घरी जाऊन शोधा."

पंत परत आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी ताट उनउनीत महाराजांपुढे गेले, आणि महाराज प्रसन्न जाहले, आणि कारभाऱ्यांस शालजोडी मिळाली. परंतु आचारी म्हणजे काही दुधखुळे नव्हेत. त्यांनी चार दिवसांत ओळखिले की, जिभेस पहिले लागेल ते गोड असले म्हणजे पिवळे निशाण, आणि पिवळे निशाण म्हणजे गंगेत घोडे न्हाले. मग आमटीवर गूळ किसून पेरू लागले, भाकरीस वरून काकवी फासू लागले, वांग्याच्या भाजीवर साखर, लोणच्याच्या फोडीस मध, आणि खाली काय आहे ते चुलीस ठाऊक! कोठे मीठच नाही, कोठे डाळ कच्ची, कोठे वांगे करपलेले. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि निशाणे मात्र रोज पाचीच्या पाची पिवळी, म्हणोन कारभारी म्हणत, "पहा, पूर्वी कधी इतके उत्तम अन्न होत होते?" बाजारातही तीच तऱ्हा लागली. लोक भेटले की आधी गोड बोलावे आणि मग घोळात घ्यावे. तिमाजी तर इतका कावला की, घरी जाऊन कोरड्या भाकरीशी नुसता ठेचा खाई आणि डोळ्यांतून पाणी काढून म्हणे, "आत्ता माणसात आलो!" महाराज मात्र ऊन ताटावर बसून अर्धे पान तसेच टाकून उठू लागले, आणि चिडचिड करू लागले, आणि कशाने ते त्यांचे त्यांसही उमजेना.

इतक्यात, शके सोळाशे अडुसष्टांत, भाद्रपदी, महाराजांच्या मातुश्री आऊसाहेब तापाने पडल्या. संवत्सराचे नावच क्षय, सबब मंडळी आधीच भ्यालेली. वैद्यांनी औषध केले, ताप उतरला, परंतु तोंडाची चव गेली ती गेलीच. जे आणावे ते मुदपाकखान्यातून पिवळे निशाण घेऊन यावे, आणि आऊसाहेबांनी बोट लावून सारावे. म्हणत, "सगळ्याला एकच चव, आणि तीही मातीची." पेज सारिली, शिरा सारिला, खीर तर पाहूनच तोंड फिरविले. हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. वैद्यांनी महाराजांस बाजूस नेऊन सांगितले, "आता औषध संपले. अन्न पोटी गेले तर मातुश्री उठतील, न गेले तर आमचा इलाज नाही." महाराज अंथरुणाशी येऊन बसले आणि आईचा हात हाती घेतला आणि लहान लेकरासारखे बोलिले, "आई, काय खावेसे वाटते ते सांग. आकाशातले असले तरी आणवितो."

आऊसाहेब बोलिल्या, "आकाशातले कशाला? परसातले आण. मऊ भात, तूप, आणि कारल्याच्या काचऱ्या. कडू खाल्ले म्हणजे तोंड धुतल्यासारखे होते."

महाराजांचे तोंड उतरले. कारण कारले म्हणजे पहिले निशाण काळे, दुसरे काही होणेच नाही. ते हळूच बोलिले, "मग निशाणाविना, गुपचूप, आतल्या आत करवितो."

यावर आऊसाहेब त्या अशक्तपणातही उशीवरून उठू लागल्या. "चोरून खायला मी काय मांजर आहे? तुझ्या आज्यांनी चौकट कोरली तेव्हा मी या घरात नवी सून होते. जे येईल ते निशाणापुढून येईल, नाही तर येऊ नये."

मग महाराजांनी हुकूम मोडावा, तर तो त्यांच्याच शिक्क्याचा, आणि त्यावर शालजोडी दिलेली. आणि कारभारी म्हणत, "आज आईसाठी मोडला, उद्या मेहुण्यासाठी मोडाल, परवा हुकूम कशास म्हणावा?" बोलणे खोटे नव्हते. आणि मुदपाकखान्यात आचाऱ्यांस विचारिले तो एकाचे बोट भाजलेले, एकाची सासू आजारी, एकास कारले चिरिता येईना. पळी आणि गाव कोणास सोडवते?

आऊसाहेबांच्या माहेराहून त्यांच्या लग्नात आलेली साळूबाई आचारीण आता म्हातारी जाहली होती. ती पदर खोचून उठली आणि बोलिली, "मी करते. नदीपार घालवतील, तर घालवू देत. बाईसाहेब नसल्या तर मला अलीकडे तरी काय आहे?" मग तिने परसातली कोवळी कारली आणिली, पातळ चकत्या केल्या, मीठ लावून पिळून कडूपणा काढितात तो काढिला नाही, आणि लोखंडी तव्यावर तेल सोडून मंद आचेवर परतीत बसली, कुरकुरीत होईतोवर. वरून मीठ आणि तिखट. शेजारी मऊ भात, त्यावर तूप. वास दरबारापर्यंत गेला. आम्ही शपथेवर सांगतो, कित्येकांनी आवंढे गिळिले, आणि त्यांत एक आम्ही.

ताट निशाणापुढे आले. सर्व दरबार जमला, आणि आऊसाहेबांची पालखी आणून पडद्याआड ठेविली, कारण त्या ऐकेनात. कारभारी मनाने वाईट नव्हेत, त्यांनी साळूबाईस जवळ बोलावून हळू सांगितले, "बाई, चिमूटभर साखर वरून पेर. पहिले निशाण पिवळे होईल, तुझी पळी राहील, सगळे सुखी."

साळूबाई बोलिली, "सरकार, साखर पेरलेलंच त्या महिनाभर सारतायत. तीच पेरायची, तर मी तव्यापुढं बसले कशाला?"

मग नाइलाज. घास वाटिले. जिभेस लागताच तिमाजीचे काळे निशाण उठले, मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे, चौथ्याचे. काळी चार. आणि बहिरोपंतांचा हात मांडीवरच राहिला. पंत चावीत होते.

"पंत, निशाण!" कारभारी बोलिले.

पंतांनी मान हलविली. तोंडात घास, बोलणार कसे? मग काळे उचलिले, आणि लोकांस वाटले आता संपले. तो पंतांनी काळे खाली ठेविले आणि पांढरे उचलिले.

"एकच निशाण करावयाचा हुकूम आहे!"

पंतांनी पांढरे खाली ठेविले आणि तांबडे उचलिले. मग तांबडेही ठेविले आणि नुसतेच चावू लागले. मागून पंतांचे कानापाशी जबड्याचे हाड तेवढे वर खाली होताना दिसे, आणि पाचशे माणूस ते हाड पाहत उभे. मग पंतांनी घास गिळिला, आणि कारभारी "झाले ना आता?" म्हणतात तो पंतांनी एक बोट वर केले की थांबा, आणि तांब्यातले पाणी घोटभर प्यायले, आणि डोळे मिटून बसले. आणि मग सावकाश पिवळे निशाण उचलिले, आणि ते वरच धरिले.

एकच गलका उठला. कारभारी संतापून बोलिले, "कारल्यास पिवळे? पंत, म्हातारचळ लागला काय? कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच! हे शेंबडे पोर जाणते!"

बहिरोपंत उठले, भिंतीकडचे तोंड महाराजांकडे केले, आणि सहाही निशाणे महाराजांच्या पायांशी ठेविली. बोलिले, "महाराज, जे लागले ते दाखविले. कडू आले, आणि गेले. भात चावता चावता गोड झाला, आणि कारल्यावरचे पाणी त्याहून गोड लागले. पहिलेच निशाण हवे असेल तर ते काळे, आणि साळूबाईंबरोबर मीही नदीपार निघतो. हुकूम मोडिला आहे."

महाराज काय करतात? आईकडे पाहावे तर पडदा, कारभाऱ्यांकडे पाहावे तर शिक्का. मग स्वतः पुढे जाहले आणि त्याच ताटातला घास घेऊन तोंडी घातिला. अहाहा, ते तोंड! इतके दिवस वरवरच्या गोडावर पोसलेली जीभ ती. कपाळास आठ्या, डोळे बारीक, नाक वाकडे, आणि हुजऱ्या पितळी पिकदाणी घेऊन धावला. महाराज वाकलेच होते, तो पडद्याआडून आवाज आला, क्षीण, परंतु जुन्या धाकाचा, "थुंकशील तर बघ! गिळ आधी. ती म्हण ज्याने केली ना, त्याने घास थुंकला असणार."

महाराज ताठ जाहले. पिकदाणी सारिली. चावू लागले. कडूने गादी सोडिली आणि मिठाने घेतली, मिठास तिखटाने उठविले, तुपाने मध्ये पडून तिखटास शांत केले, आणि मग भाताचा अंमल बसला, हळूहळू, कोणास न दुखविता. सेवकास हे कसे कळले म्हणाल तर, महाराजांच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून उलगडताना सर्वांनी पाहिल्या. घास उतरला. पाणी प्यायले. आणि दुसरा घास घेतला.

मग कारभाऱ्यांकडे वळून बोलिले, "तुम्हीही घ्या." कारभाऱ्यांनी घेतला, आणि तोंडात घातला न घातला तो गडप केला, आणि बोलिले, "कडू!"

तिमाजी पडद्याआडून ओरडिला, "राव, चावलात कुठे? तुम्हाला सारा जन्म जेवणाची पहिलीच चव ठाऊक!"

दरबार हसला, आणि महाराज हसले, आणि कारभारी आधी लाल जाहले आणि मग, माणूस खरा म्हणोन, आपणही हसले. महाराजांनी तेथेच पहिल्या निशाणाचा हुकूम फाडिला आणि साळूबाईची पळी तिच्या हाती दिली. शिक्षा एकच केली की, हरबाजीरावांनी रोज एक वेळ चाखणारांच्या ओळीत बसावे, आणि घास तोंडी धरून धीर शिकावा. आणि अन्न गार होते त्याचे काय, ऐसा विचार निघाला तेव्हा तिमाजी बोलिला, "ताटाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवा की!" यावर सर्व शहाणे एकमेकांकडे पाहू लागले. इतका सारा खटाटोप, आणि शेगडी कोणास सुचली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरे काय?

महाराजांनी ताट स्वतः उचलून पडद्याआड नेले आणि आईस घास भरविला. आऊसाहेबांनी डोळे मिटिले. बऱ्याच वेळाने बोलिल्या, "कडू." आणि डोळ्यांतून पाणी आले. "अगं साळू, कडू लागतंय गं! लागतंय!" साळूबाईने भिंतीस टेकून मोठ्याने रडून घेतले. तिचे रडणे दरबारात ऐकू गेले, आणि बहिरोपंतांनी भिंतीकडे तोंड केले, चाखावयाचे काही नव्हते तरी. त्या दिवशी आऊसाहेब वाटीभर भात जेवल्या, दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक, आणि दसऱ्यास स्वतः सोने वाटावयास उभ्या राहिल्या.

पुढे शके सोळाशे एकूणसत्तर, प्रभव संवत्सरे, माघात, आऊसाहेब एके दुपारी जेवून, विडा खाऊन, पडल्या त्या उठल्या नाहीत. कोणास त्रास दिला नाही. वय जाहले होते. महाराजांनी सर्व यथासांग केले, आणि चौदाव्या दिवसाचे गोडाचे जेवण आले, ज्या दिवशी दुःख पुरे करून तोंड गोड करावे ऐसी रीत. पंक्ती बसल्या. महाराज बोलिले, "आमच्या पानात मऊ भात आणि काचऱ्या वाढा. आणि निशाणे आणा."

उपाध्ये बोलिले, "महाराज, आज तोंड गोड करावयाचे."

महाराज घास घेते जाहले आणि काळे निशाण उचलिले, आणि चावू लागले. पंक्ती थांबली, कारण राजाने घास संपविल्याविना पुढे कोणी जेवावे? काळे निशाण वरच. पांढरे नाही, तांबडे नाही. घास गिळिला, पाणी प्यायले, तरी काळे वरच. पंक्तीत कुजबुज उठली, आणि एका सरदाराने हळूच म्हटले, "किती वेळ?"

तेव्हा हरबाजीराव कारभारी, ज्यांनी सारा जन्म कोणाची वाट पाहिली नव्हती, ते त्या सरदाराच्या मांडीवर हात ठेवून बोलिले, "थांबा. घास अजून उतरलेला नाही."

महाराजांनी काळे निशाण खाली ठेविले. पिवळ्याकडे हात गेला, आणि तेथून परत आला. बोलिले, "आज नाही." बहिरोपंतांनी मान हलविली आणि चौकटीवरच्या काळ्या अक्षरांकडे पाहिले. त्या दिवशी राज्यात कोणीही गोडाचा आग्रह केला नाही, पंक्ती मुकाट्याने जेवून उठल्या.

मग वर्ष गेले. शके सोळाशे सत्तरांत मातुश्रींचे वर्षश्राद्ध आले. श्राद्धाच्या पानात कारले असतेच, साळूबाईने केले, आता हात कापतात तरी तिनेच केले. सर्व मंडळी तीच, शेगडीवर ताटे उनउनीत. महाराजांनी घास घेतला. काळे उठले, आणि गेले. पांढरे उठले, गेले. तांबडे गेले. मग महाराज बराच वेळ चावीत बसले, आणि पाणी प्यायले, आणि डोळे मिटून बसले, आणि कोणी हालले नाही, हरबाजीरावही नाही. आणि मग पिवळे निशाण उठले.

येणेप्रमाणे कारल्याच्या घासाची हकीकत. घास एक, त्यास संपावयास वर्ष लागले. मंडळींनी पुसिले म्हणोन लिहिले. लिहिणाराचे पान वाढून ठेविले आहे, त्यातही काचऱ्या आहेत, सबब आता लेखणी ठेवितो. घाई कोणी करू नये.